धूपदाणीखालचा मासा

हांगचौ, १८ ऑगस्ट १९८५

लिएन,

अक्षर ओळखलंस ना? तुझा बापच लिहितोय. निदान हे एक पान वाच, मग खुशाल चुलीत घाल.

मी ठणठणीत आहे. तू विचारलेलं नाहीस, पण नऊ वर्षांनी कुणीतरी सुरुवात करायला हवी, आणि वयानं मी मोठा आहे. दोन दात गेले, बाकी सगळं जागच्या जागी. होडीही तीच आहे, यंदा तिला नव्यानं तेल पाजलं.

पत्राचं कारण कामाचं आहे, भलता अर्थ काढू नकोस. परवा बागेच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथला नवा साहेब म्हणाला, "ल्वो काका, यंदा शरदातल्या पौर्णिमेला तळ्यातल्या तिन्ही दगडी दिव्यांत मेणबत्त्या लावायचं ठरलंय. पूर्वी तुम्हीच लावायचात असं ऐकतो." मी म्हटलं, मी नाही, आम्ही. मी होडी दिव्याला टेकवून धरायचो आणि तू फळीवर उभी राहून आत मेणबत्ती बसवायचीस, मग पाचही गोल भोकांवर पातळ कागद चिकटवायचीस. एकदा तू कागद चाटून बघितला होतास आणि आई दिवसभर रागावली होती. हे सगळं साहेबाला सांगितलं नाही, मनातल्या मनात आठवलं.

तर प्रश्न असा की खळ कसली लावायचो आपण? तांदळाची की कमळकंदाच्या पिठाची? माझ्या डोक्यातून साफ गेलंय. च्यू म्हणतो तांदळाची, पण च्यूचं काय ऐकायचं! आठवतो ना च्यू? शेजारच्या होडीचा, तुला ओंजळभर शिंगाडे द्यायचा तो. अजून वल्ही मारतो, अजून नको तिथे तोंड घालतो.

कमळकंदाच्या पिठाची सोय होण्यासारखी आहे. बेटावरच्या टपरीत, जिथे गरम पाण्यात पीठ कालवून खीर देतात, तिथे एक नवी बाई आली आहे. आडनाव येन. नवरा वारला, म्हणून भावाकडे आली ती इथेच राहिली. शान्शीची आहे. हो, शान्शीचीच, तुम्ही राहता त्या मुलखातली. भातावर व्हिनेगर, भाजीवर व्हिनेगर. चहातही दोन थेंब टाकत असेल असा माझा संशय आहे. मी तिच्याशी फारसं बोलत नाही. विषय निघाला म्हणून लिहिलं.

खळीचं तेवढं कळव.

तुझा बाप
ल्वो श्वेइगन


हांगचौ, २५ ऑगस्ट

लिएन,

उत्तर नाही. टपालाला वेळ लागत असेल. तोवर इथली गंमत सांगतो.

परवा होडीत शांघायचे सहा पाहुणे होते, आणि येनबाई पिठाची पोती घेऊन बेटावर चालली होती, तीही बसली. मी नेहमीसारखा काळ्या माशाची गोष्ट सांगायला लागलो. तू शंभरदा ऐकली आहेस, तरी पुढचं कळावं म्हणून थोडक्यात लिहितो. तळ्यातला तो राक्षसी काळा मासा पाथरवटाच्या बहिणीवर भाळतो. म्हणतो, हिचं लग्न माझ्याशी लावा, नाहीतर शहर बुडवतो. बहीण म्हणते, येते, पण माहेरून दगडी धूपदाणी मिळाली पाहिजे. भाऊ डोंगराएवढी धूपदाणी घडवतो, तीन पायांची. मासा हुरळून ती ओढायला जातो, धूपदाणी उलटी होऊन त्याच्यावर बसते. तो खाली कायमचा अडकतो. आणि पाण्यावर दिसतात ते तीन दगडी दिवे म्हणजे तिचे वर आलेले पाय.

इथे मी नेहमी थांबतो, म्हणजे लोक टाळ्या वाजवतात. तेवढ्यात पोत्यांमागून येनबाई म्हणाली, "म्हणजे नको असलेल्या जावयाच्या डोक्यावर दगड घालायची तुमच्या हांगचौची रीत जुनीच आहे म्हणायची!"

सहाच्या सहा पाहुणे खो खो हसले. माझं वल्हं हातातून सुटता सुटता राहिलं. मी म्हटलं, "अहो बाई, तो राक्षस होता."

"मुलीच्या बापाला विचाराल तर प्रत्येक जावई राक्षसच असतो," ती म्हणाली. "माशाला कुणी त्याची बाजू विचारली का?"

मग मी घाईघाईनं चंद्रांचा हिशेब काढला. तीन दिव्यांची पंधरा भोकं, त्यांची पाण्यात पंधरा प्रतिबिंबं, आकाशातला एक, त्याचा पाण्यातला एक, आणि तेहेतिसावा बघणाऱ्याच्या मनातला. हे ऐकून बायका उसासे टाकतात. येनबाईनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "भोकं चहूबाजूंना आहेत ना? मग पलीकडची इकडून दिसणार कशी? तुमचे निम्मे चंद्र उधारीचे आहेत."

चाळीस वर्षं मी हे सांगतोय. एका माणसानं कधी ही शंका काढली नाही. घरी येऊन वाटीभोवती सोयाबीनचे पाच दाणे चिकटवले आणि चहूबाजूंनी फिरून बघितलं. बाईचं बरोबर आहे. दोन दिसतात, फार तर तीन. मी हे अजून तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

बाकी सगळं ठीक. निळ्या कापडाचा एक सदरा शिवला, जुना फाटला होता म्हणून. च्यू म्हणतो हल्ली मी रिकामी होडी घेऊन दिवसातून चारदा बेटावर जातो. त्याला कामधंदा नाही. मी खिरीसाठी जातो, पोटाला बरी असते.

बाप


हांगचौ, २ सप्टेंबर

लिएन,

तुझं पत्र आलं. सगळ्या पत्रात दोन वाक्यं. "खळ कमळकंदाच्या पिठाची. ही बाई कोण?"

पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा मी धक्क्यावर होतो. च्यूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पोरगी तुझीच आहे, श्वेइगन. नऊ वर्षांनी तोंड उघडलं तेही दुखऱ्या जागीच बोट ठेवायला." मी ते पत्र सदऱ्याच्या खिशात ठेवलंय. नवा सदरा आहे ना, खिसा चांगला खोल आहे.

तर ही बाई कोण. आता लपवून उपयोग नाही. मी तिला मागणी घातली.

तुझ्या आईला जाऊन एकवीस वर्षं झाली. तू गेल्यावर घरात मी आणि एक कासव. कासव गेल्या वर्षी मेलं. मला कुणाशी तरी भांडायला हवं गं. येनबाई फार छान भांडते. तिनं मला खीर दिली आणि मी वाडगा हातात धरूनच विचारून टाकलं. पळीतली खीर तिनं दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या वाडग्यात ओतली, मग म्हणाली, "घरी कोण कोण आहे तुमच्या?"

"मी एकटाच."

"मुलगी आहे ना?"

"आहे. लांब असते."

"येत नाही?"

"गाड्यांना फार गर्दी असते."

"नऊ वर्षं गर्दी?"

म्हणजे च्यूनं सगळं ओकलं होतं. तिला छत्रीचंही ठाऊक होतं. ती म्हणाली, "ज्या घरातून लेकीच्या लग्नाला छत्री गेली त्या घरात मी कशी येऊ? तुमचा जावई शान्शीचा, मीही शान्शीची. त्याच्यात जी खोट काढलीत तीच उद्या माझ्यात काढाल. आधी लेक-जावई तुमच्या घरी जेवायला बसलेले मला दिसू देत. मग विचारा. तोवर खीर प्या आणि वाडगा परत करा."

तेव्हा आता छत्रीबद्दल लिहिणं भाग आहे.

नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की चूक झाली. तिकडचं ऊन कडक म्हणून आमच्या गावची रेशमी छत्री पाठवली, शब्दाचा उच्चार डोक्यातच आला नाही. च्यूला हेच सांगितलं. तुझ्या मावशीला हेच सांगितलं. पण कुणाला पटणार? आपल्या भाषेत छत्री आणि ताटातूट हे शब्द तोंडानं म्हटले की एकच. चार वर्षांच्या पोरालाही कळतं की छत्री भेट देत नाहीत, आणि लग्नाला तर नाहीच नाही.

खरं असं झालं. तुझं पत्र आलं की तू तिकडेच लग्न करते आहेस, सरकारनं तुझ्याबरोबर शहरातून शेतावर कामाला पाठवलेल्या बाकीच्या मुली परत आल्या तरी तू येणार नाहीस. मी ते पत्र फाडलं आणि दुकानात गेलो. दुकानातल्या मुलीनं विचारलं, "कुणासाठी हवी?" म्हटलं, मुलीच्या लग्नासाठी. ती बिचारी गोंधळली. म्हणाली, "काका, लग्नाला छत्री? शब्द ऐकलात का?" मी म्हटलं, "ऐकला. बांध."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या मुलीला आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. आता तुला कळलं. मला फार राग आला होता, लिएन. आणि पार्सल टाकून घरी आलो तेव्हापासून रोज लाज वाटते आहे. आम्हा हांगचौच्या लोकांना लोखंडी डोक्याचे म्हणतात ते उगीच नाही, पण लोखंडही इतकी वर्षं पाण्याजवळ राहिलं की गंजतं.

तुला वाटेल, म्हाताऱ्याला बायको हवी म्हणून लेकीची आठवण झाली. निम्मं तसंच आहे, नाही म्हणत नाही. पण उरलेलं निम्मं येनबाई यायच्या आधीपासूनचं आहे. पत्र लिहायला निमित्त मिळत नव्हतं. खळ कसली ते मला पाठ होतं.

पौर्णिमा २९ तारखेला आहे. याल का?

बाप


हांगचौ, १२ सप्टेंबर

श्री. हाव यू यांस,

मी लिएनचा बाप. तिला लिहिलेल्या पत्राचं उत्तर काल आलं. त्यात आहे, "मला कशाला लिहिता? छत्री मला नव्हती. ज्याला होती त्याला लिहा." तिचं बरोबर आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी तुमच्या नावाचं बोलतो. लिएननं लग्नाचं कळवलं त्या पत्रात तुमचं नाव होतं. ते पत्र मी फाडलं. नाव कानात राहिलं, अक्षर मात्र फाटून गेलं. आणि यू या उच्चाराची अक्षरं तर आपल्यात डझनभर आहेत, प्रत्येकाचा अर्थ वेगळा! काल संध्याकाळी धक्क्यावर आम्ही बसून सगळे यू काढले. च्यू म्हणून माझा मित्र आहे, तो म्हणाला, "मूर्ख या अर्थाचा यू लिही. हांगचौच्या बापाची मुलगी केली म्हणजे मूर्खच असणार." त्याच्याकडे लक्ष देऊ नका. लिएनला विचारायची मला लाज वाटली. शेवटी मी मासा हा यू धरला आहे. आम्ही पाण्यावरची माणसं, आमच्याकडे मासा मानाचा. चुकलं असेल तर माफ करा.

आता मुद्द्याचं. मी तुम्हाला पाहिलेलं नाही. तुम्ही शान्शीचे, नूडल्स खाता आणि सगळ्यात व्हिनेगर ओतता, एवढं ऐकून मी तुम्हाला नावं ठेवली. "व्हिनेगरची बरणी" असं मी तुम्हाला चारचौघांत म्हणायचो आणि लोक हसायचे. तुमच्यात काही खोट नव्हती. तुमचं गाव लांब होतं, एवढीच खोट. पोरगी परत येईल म्हणून मी रोज संध्याकाळी दोन माणसांचा भात लावत होतो, आणि ती येणार नाही हे तुमच्यामुळे कळलं. तुमच्या जागी राजपुत्र असता तरी मी त्याला छत्रीच पाठवली असती.

छत्री जाणूनबुजून पाठवली होती. चूक झाली नव्हती. मी तुमची माफी मागतो.

शरदातल्या पौर्णिमेला आमच्या तळ्यात दिवे लावणार आहेत. होडी आहे, घरात जागा आहे. या, असं म्हणायचा मला हक्क आहे की नाही ठाऊक नाही, पण म्हणतो. लिएनला आणा असं लिहीत नाही. तुम्ही या, आणि तिला यावंसं वाटलं तर ती येईल.

इथे एका बाईंची अट आहे की तुम्ही माझ्या घरी जेवल्याशिवाय त्या माझ्याशी लग्न करणार नाहीत. हे लपवलं तर पुन्हा छत्रीसारखं होईल, म्हणून लिहिलं. पण त्या उद्या नाही म्हणाल्या, भावाबरोबर निघून गेल्या, तरी माझं बोलावणं कायम आहे.

ल्वो श्वेइगन


हांगचौ, २१ सप्टेंबर

जावईबापू,

वावळ! वावळाचं झाड! मी काय काय यू काढले, पण झाडाकडे गेलोच नाही. सकाळपासून तेच अक्षर गिरवतोय. डावीकडे लाकडाची खूण, उजवीकडे बराच पसारा. पाकिटावर बघा, नीट आलंय ना?

तुमचं पत्र मी च्यूला वाचून दाखवलं, मग धक्क्यावरच्या सगळ्यांना, मग बेटावर जाऊन येनबाईंना. तुम्ही लिहिलंत की तुम्ही जन्मलात तेव्हा दुष्काळ होता, घरानं वावळाची साल कुटून खाल्ली आणि घर जगलं, म्हणून आजीनं त्या झाडाचं नाव तुम्हाला दिलं. च्यूनं आपला मूर्ख यू परत घेतला आहे, तुम्हाला कळवायला सांगितलंय. पण पुढची ओळ वाचली तेव्हा सगळे इतके हसले की बदकं उडाली. "लिएन सांगते, तुमच्या तळ्यात नको असलेल्या जावयाला मासा म्हणून धूपदाणीखाली दाबून ठेवतात. तो मीच असेन तर बाबा, या पौर्णिमेला एक पाय जरा वर उचला."

उचलतो. दोन उचलतो. आणि तुम्ही मला बाबा म्हणालात ते मी बघितलं नाही असं समजू नका. ती ओळ मी लोकांना दोनदा वाचून दाखवली.

येनबाई ऐकत होत्या आणि पळी फिरवत होत्या. म्हणाल्या, "हा मुलगा माशाची बाजू बरोबर मांडतो." अजून हो म्हणालेल्या नाहीत. पण काल माझ्या स्वयंपाकघरात येऊन त्यांनी व्हिनेगरची एक भली मोठी बरणी ठेवली. म्हटलं हे काय, तर म्हणाल्या, "जावयासाठी. तुम्ही हात लावायचा नाही." मग चुलीमागची काजळी बघून नाक मुरडलं आणि अंगणात नळाखाली माझी सगळी भांडी घासायला काढली. कुणी सांगितलं नव्हतं. मी गुपचूप राख आणून दिली.

आता मुख्य गोष्ट.

तुमच्या पत्राच्या शेवटी आहे, "आम्ही तिघं २७ च्या गाडीनं निघतो, २९ ला सकाळी पोचू." मला वाटलं तुमच्या आई येताहेत. मला आनंदच झाला. च्यूच्या बायकोकडून एक जाड रजई मागून आणली, म्हातारं माणूस, प्रवासाचा शीण. येनबाईंना म्हटलं, "विहीणबाईंना आमचं पाणी मानवेल ना हो?"

त्यांनी पळी खाली ठेवली. मला म्हणाल्या, "पुन्हा वाचा बरं."

मी वाचलं. आम्ही तिघं.

"लग्नाला किती वर्षं झाली त्यांच्या?"

"नऊ."

"मग अहो, लोखंडी डोकं, तिसरं माणूस म्हातारंच असायला हवं का?"

मी बाकावर बसलो. एका पाहुण्यानं विचारलं, काका, होडी कधी सुटणार? मी म्हटलं, आज नाही सुटणार. येनबाईंनी खिरीचा वाडगा माझ्या हातात दिला आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "यांना जरा बसू द्या, हे आत्ताच आजोबा झालेत." मग त्या स्वतःच कमरेच्या फडक्याआड तोंड लपवून रडायला लागल्या, माझ्याआधी.

मुलगा आहे की मुलगी? किती वर्षांचं? लिएनवर गेलंय की तुमच्यावर? मी कुणालाच काही विचारलं नव्हतं, तर तुम्ही सांगणार कुणाला! तुमच्यावर किंवा लिएनवर माझा राग नाही. हा सगळा माझ्याच पार्सलचा परिणाम आहे, मला समजतं. पण जावईबापू, आता आठ दिवस कसे काढू ते तुम्हीच सांगा. जाड रजई परत केली आहे. लहान रजई शोधतोय, आणि किती लहान ते ठाऊक नसल्यामुळे तीन आणून ठेवल्या आहेत.

हे पत्र तातडीच्या टपालानं टाकतोय, तुम्ही निघायच्या आधी मिळेल. एकच मागणं आहे. लेकराचं नाव मला उत्तरात कळवू नका, आणि उतरल्यावर तोंडानंही सांगू नका. कानानं ऐकलेल्या नावाचं मी काय करतो ते तुम्ही पाहिलंच आहे. एका कागदावर मोठं लिहा, लेकराला लिहिता येत असेल तर त्याच्याच हातानं लिहू द्या, आणि तो कागद हातात धरून गाडीतून उतरू द्या. मी पहिल्यांदा ते नाव वाचूनच घेणार आहे.

फलाटावर पहाटेपासून असेन. चष्मा घेऊन येतो.

तुमचा
बाबा